बाइक घ्यायचीय? आधी गल्ली बघा!

आमच्या ऑफिसात लंच टाइमला तीनच विषय निघतात. अप्रेझल, फ्लॅटचे रेट आणि बाइक. पहिल्या दोन विषयांत आपल्या हातात काहीच नसतं, त्यामुळे तिसरा जास्त रंगतो. त्यात एखाद्याने 'नवीन घेतोय रे' असं म्हटलं की संपलंच! जो आयुष्यात स्कूटीच्या पलीकडे गेला नाही तोही टॉर्कवर लेक्चर द्यायला लागतो.

गेल्या वर्षी हा बकरा मी होतो. जुनी दीडशे सीसी बारा वर्षं चालवून झाली होती. आता घ्यायची तर एकच बाइक घ्यायची, रोज ऑफिसला नेता येईल आणि सुटी मिळाली की गावाला किंवा घाटावर पळवता येईल अशी. दोन बाइक ठेवायला भांडुपमध्ये जागा कुणाकडे आहे? आमच्या टेंभीपाड्याच्या चढावर एक उभी करायची तरी शेजारच्या रिक्षावाल्याशी तह करावा लागतो. शिवाय जॉइंट अकाउंटमधले पैसे एकदाच निघणार होते. चूक झाली तर पुढची सात-आठ वर्षं त्या चुकीवरच बसून फिरायचं!

ग्रुपवर विचारलं आणि पाच मिनिटांत सात बाइक सुचवून झाल्या. प्रत्येकाने आपलीच सुचवली, हे वेगळं सांगायला नको.

पोस्टरवरची बाइक

आमची पिढी पोस्टरवर वाढली. २००१ मध्ये पल्सर आली आणि कॉलेजच्या गेटबाहेरचं चित्रच बदललं. २००३ मध्ये हीरो होंडाची करिझ्मा आली. २२३ सीसीचं इंजिन आणि जाहिरातीत हृतिक रोशन. तेव्हा 'टूरिंग' हा शब्दही कुणाला माहीत नव्हता. करिझ्मावाला मित्र गोव्याला जाऊन आला की आठवडाभर तोच हीरो. बाकीचे आम्ही स्प्लेंडरवर लोणावळ्याला जायचो आणि तेवढ्याच खुशीत परत यायचो.

आता 'टूरिंग' आणि 'अ‍ॅडव्हेंचर' हे शोरूममधले वेगळे कप्पे झालेत. रॉयल एनफिल्डची पहिली हिमालयन २०१६ मध्ये आली, हीरोची एक्सपल्स २०१९ मध्ये, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २०२२ मध्ये. २०२३ च्या अखेरीस हिमालयन नव्या ४५२ सीसी इंजिनासह परत आली आणि २०२५ मध्ये एक्सपल्स २१० झाली. एकेकीचा फोटो बघावा तर मागे बर्फाचे डोंगर नाहीतर वाळवंट. गांधीनगर जंक्शनच्या सिग्नलला उभी असलेली बाइक एकाही ब्रोशरमध्ये दिसत नाही.

माझी निम्मी सकाळ तर तिथेच जाते!

एक कागद, एक पेन

शेवटी एका रविवारी कागद-पेन घेऊन बसलो. वर्षभरात मी खरंच किती आणि कुठे फिरतो, ते लिहून काढलं. घर ते सीप्झ १२ किलोमीटर, येऊन-जाऊन २४. वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले तर ५,७६० किलोमीटर झाले. वर्षातून आठेक वीकेण्ड राइड, प्रत्येकी २०० किलोमीटर, म्हणजे १,६००. आमचं गाव चिपळूणच्या पुढे, सावर्ड्याजवळ. भांडुपहून साधारण अडीचशे किलोमीटर. वर्षातून दोन फेऱ्या म्हणजे आणखी हजार.

एकूण ८,३६०. म्हणजे दर दहा किलोमीटरमधले जवळजवळ सात एलबीएस मार्ग आणि जेव्हीएलआरवरचे! स्वतःला मी मनातल्या मनात 'टूरर' समजत होतो. कागद म्हणाला, तू क्लच दाबणारा चाकरमानी आहेस.

लडाख? यादीत आहेच, कुणाच्या नसतं? पण आयुष्यात एकदा किंवा दोनदा जाणार. मनालीला किंवा लेहला बाइक भाड्याने मिळते. दहा दिवसांच्या ट्रिपसाठी बाकीचे साडेतीनशे दिवस जड बाइक एलबीएसवर ढकलायची का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

फास्ट रस्ता आपल्यासाठी नाहीच

दुसरा हिशोब वेगाचा. ४५२ सीसीच्या हिमालयनची ताकद ४० पीएस. केटीएमच्या ३९० अ‍ॅडव्हेंचरची त्याहून थोडी जास्त. ऐकायला झक्कास वाटतं. पण मुंबईतून बाहेर पडणारे गुळगुळीत रस्ते एकदा आठवून बघा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. अटल सेतूवर बंदी. वांद्रे-वरळी सी-लिंक आणि कोस्टल रोडवर बंदी. समृद्धी महामार्गावरही बंदी. चौपदरी हायवे मिळालाच तर तिथे दुचाकीला कायद्याने कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटरची.

म्हणजे आपल्या वाट्याला काय येतं? खोपोलीवरून शिंग्रोबाच्या देवळासमोरून चढणारा जुना बोरघाट, कसारा, माळशेज आणि आपला लाडका मुंबई-गोवा हायवे, ज्याचं चौपदरीकरण २०११ पासून सुरू आहे. या रस्त्यांवर ताशी १४० ने जाणारी बाइक उपयोगाची नाही. तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ४० ला, समोर एसटी आणि मागे ट्रक असताना कुरकुर न करता ओढणारी बाइक लागते. म्हणून ब्रोशर बघताना सगळ्यात मोठा आकडा बघू नका. टॉर्क किती आणि तो किती कमी आरपीएमला मिळतो ते बघा. घाटात आणि ट्रॅफिकमध्ये तोच कामाला येतो.

मोठ्या इंजिनाच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो नाकारायचा नाही. चौपदरी पट्ट्यावर ८० च्या वेगाने चाललात तर मोठं इंजिन निवांत चालतं आणि लहान इंजिन मेहनत करतं. तीन तासांनंतर हातापायांना आणि सीटला होणारी थरथर त्यावरच ठरते. दर महिन्याला पाचशे किलोमीटर मारणाऱ्याने मोठंच घ्यावं. मी तो नाही, हे माझ्या कागदावर लिहिलेलं होतं.

३५० ची लक्ष्मणरेषा

तिसरा हिशोब सरकारने सोपा करून ठेवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यावरच्या इंजिनाला आधी सेस धरून ३१ टक्के पडायचे, तिथे आता ४० टक्के.

समजा, कराआधी बाइकची किंमत दोन लाख आहे. ३५० च्या आतली असेल तर आधी २ लाख ५६ हजारांना पडायची, आता २ लाख ३६ हजारांना. रेषेच्या पलीकडची आधी २ लाख ६२ हजार, आता २ लाख ८० हजार. आधी त्याच किमतीच्या दोन बाइकमध्ये सहा हजारांचा फरक होता, तो आता ४४ हजारांचा झाला. एवढ्यात चांगलं हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, बॅगा आणि वर दोन-तीन गोवा ट्रिप होतात, बॉस!

हिमालयन ४५० मनातून उतरली नव्हती, खरं सांगतो. पण हा हिशोब बायकोने वाचला. विषय संपला.

भांडुपचा चढ

राहिल्या तीन. एक्सपल्स २१०, व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि मीटिऑर ३५०. एक्सपल्स साधारण १७० किलोची, पुढचं चाक २१ इंची, सीट ८३० मिलिमीटर उंच. खड्ड्यांवरून आणि किल्ल्याच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यावरून जायला तिच्यासारखी नाही. व्ही-स्ट्रॉम २४९ सीसीची, १६७ किलोची, सीट ८३५ मिलिमीटरवर. अ‍ॅलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर. मीटिऑर ३४९ सीसीची, सीट फक्त ७६५ मिलिमीटर उंच, पण वजन १९१ किलो.

कागदावर व्ही-स्ट्रॉम पुढे होती. हलकी, ताकद पुरेशी, पंक्चर झालं तर जागच्या जागी स्ट्रिप भरता येते. ट्यूबवाल्या स्पोक व्हीलला चाक खोलावं लागतं, आणि कशेडी घाटात रात्री साडेनऊला पंक्चरवाला शोधायची मजा ज्याने घेतलीय तोच ही गोष्ट पहिल्या नंबरवर लिहील.

पेट्रोलच्या टाकीचं टेन्शन घेऊ नका. व्ही-स्ट्रॉमची टाकी १२ लिटरची, एक्सपल्सची १३ आणि मीटिऑरची १५. लिटरला ३० चं अ‍ॅव्हरेज धरलं तरी सगळ्यात लहान टाकीवर ३६० किलोमीटर होतात. सावर्डं अडीचशेवर आहे आणि वाटेत पंपच पंप आहेत.

पण गल्ली विसरलो होतो. ती आठवण एका मित्राच्या मोठ्या बाइकने करून दिली. 'एक दिवस ठेव, चालवून बघ' म्हणून त्याने चावी दिली. संध्याकाळी येऊन मी ती बाइक उतारावर, तोंड भिंतीकडे करून लावली. सकाळी काढायला गेलो तर बाइक मागे येईना. चढावर उलटी खेचायची होती ना! पाय पुरत नव्हते, खाली पेव्हर ब्लॉक निसटलेला. जोर लावला, तोल गेला आणि बाइक आडवी. समोरचा दूधवाला, वॉचमन आणि मी, तिघांनी मिळून उचलली. इंडिकेटर फुटला, तो भरून दिला. चूक शंभर टक्के माझी. चढावर राहणाऱ्याने बाइक नेहमी तोंड चढाकडे करून आणि पहिल्या गिअरमध्ये लावायची, हे बारा वर्षं बाइक चालवणाऱ्याला कळायला हवं होतं. दीडशे सीसीवर ते खपून जात होतं, एवढंच.

गॅलरीतून बाबा बघत होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "घेणार कधी आहेस?"

"बघतोय बाबा. ठरत नाहीये."

"घेतलीस की मला एकदा गावाला ने. तिच्यावरूनच."

बाबांची अट

आमचे बाबा सत्तरीचे. भांडुपच्याच सिएट टायरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढली. त्यांच्याकडे एक चेतक होती. लग्नाआधी ते आणि त्यांचा एक दोस्त त्या चेतकवरून चिपळूणला गेले होते. रस्ता होता एकपदरी, दोनदा प्लग साफ केला, माणगावला मुक्काम. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकलीय की आम्हाला ती तोंडपाठ आहे. पण पुन्हा जायचंय, असं ते कधीच म्हणाले नव्हते. मधल्या काळात एसटी, मग कोकण रेल्वे आणि दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन.

आई म्हणाली, "वेड लागलंय दोघांना." बाबा म्हणाले, "अजून दोन वर्षांनी विचारलंस तर मीच नाही म्हणेन." त्यावर आईसुद्धा गप्प झाली.

तर मंडळी, इतके दिवस माझ्या कागदावर एक रकानाच नव्हता. मागची सीट! सगळे रिव्ह्यू चालवणाऱ्याने लिहिलेले असतात. मागे बसलेल्याला कुणी विचारत नाही. पुढच्या टेस्ट राइडला बाबांना घेऊन गेलो. शोरूममधला पोरगा आधी चक्रावला, मग त्याने खुर्ची आणून दिली.

उंच बाइकवर मागची सीट पुढच्याहूनही वर असते. बाबांनी खांद्यावर हात ठेवला, डावा पाय फूटरेस्टवर, पण उजवा पाय काही पलीकडे जाईना. गुडघा तेवढा वाकतच नाही. दुसऱ्या बाइकवर पुन्हा प्रयत्न केला. त्यावर टॉप बॉक्स लावलेला होता, म्हणजे मागून पाय टाकायची सोयच नाही. "राहू दे," ते म्हणाले आणि हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

मीटिऑरवर ते बसले. पहिल्याच फटक्यात नाही, पण बसले. मागे पाठीला टेकायची बॅकरेस्ट होती. ती धरून दोनदा हलवून बघितली आणि म्हणाले, "ही चालेल." मग उतरून वाकले आणि टायरच्या बाजूवर काहीतरी शोधायला लागले.

"हे चार आकडे बघ. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. शोरूमला उभी असलेली गाडी केव्हाची आहे ते कळतं. रबर जुनं असेल तर घेऊ नको."

त्या पोराला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. टायरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरात मी आयुष्य काढलं, पण विचारलं कधी नव्हतं.

काय मिळालं, काय गेलं

बुकिंग मीटिऑरचं झालं. म्हणजे तीच जगातली सगळ्यात भारी बाइक, असं मी म्हणत नाहीये. १९१ किलो आमच्या चढावर आजही जाणवतात. पण पाय दोन्ही बाजूंनी जमिनीवर सपाट टेकतात, त्यामुळे वजन सांभाळता येतं. उंच बाइकवर तेच वजन पायाच्या बोटांवर तोलावं लागलं असतं. ऑफिसच्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ती निवांत चालते. गेलं ते कच्च्या रस्त्याचं स्वप्न. सस्पेन्शन उंच बाइकइतकं खड्डे गिळत नाही, आणि मोठा स्पीडब्रेकर दिसला की तिरकं जावं लागतं. किल्ल्याच्या पायथ्याला आता मित्र पुढे निघून जातात आणि मी गावातल्या देवळापाशी बाइक लावून चालत जातो.

डिसेंबरात निघालो. पावसाळा आणि गणपतीची गर्दी दोन्ही मुद्दाम टाळली. पहाटे पाचला ऐरोली पुलावरून पनवेल, मग कर्नाळा, पेण, वडखळ. दर पन्नास किलोमीटरला थांबायचं, बाबांनी पाच मिनिटं चालायचं, असा नियम. माणगावला ट्रॅफिकमध्ये अडकलो. ते म्हणाले, "आम्ही मुक्काम केला तेव्हा इथे एवढी माणसं नव्हती." महाडच्या पुढे सावित्री नदीच्या नव्या पुलावर त्यांनी मागून माझ्या खांद्यावर थोपटलं, म्हणजे हळू चालव. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला जुना पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी. नवीन पूल पुढच्याच वर्षी झाला. बाबांनी हात जोडले, मी आरशात बघितलं.

सावर्डं गाठायला साडेदहा तास लागले. गाडीने सात लागतात. उतरल्यावर बाबांना दहा मिनिटं सरळ उभं राहता येईना आणि मला वाटलं, आपण मूर्खपणा केला. परत येताना ते माझ्याबरोबर नव्हते, चुलत भावाने त्यांना ट्रेनमध्ये बसवून दिलं. आईला काय सांगायचं ते त्यांनीच ठरवलं होतं. घरी आल्यावर बघतो तर ते तिला सांगत होते, "काही नाही गं, आरामात गेलो. मध्ये प्लगपण साफ करावा लागला नाही."

आता सोसायटीच्या कट्ट्यावर दोन गोष्टी सांगतात. चेतकची आणि ही.

शोरूमला जाण्याआधी

* वर्षभराचे किलोमीटर कागदावर लिहा. रोजचे वेगळे, ट्रिपचे वेगळे. जिकडे आकडा मोठा, बाइक तिकडची.

* टेस्ट राइड रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. संध्याकाळी सातला, सिग्नलच्या रस्त्यावर घ्या. क्लच आणि इंजिनाची गरमी तिथेच कळते.

* बंद बाइक हाताने ढकलून बघा. पुढे, मागे आणि जमलं तर चढावर. चालवण्याइतकंच ढकलणंही नशिबी असतं.

* मागे बसणाऱ्याला बरोबर न्या. बायको, मैत्रीण, आई, बाबा, जो कोणी असेल तो. त्याला बसवा, उतरवा, दहा मिनिटं फिरवा.

* दोन हेल्मेटचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे आणि २०२२ पासून त्यावर कारवाई होते. दंड राहू द्या, डोकं दोघांनाही एकेकच आहे.

* डिलिव्हरी घेताना टायरवरचे चार आकडे वाचा. विचारलं कुणी शिकवलं, तर आमच्या बाबांचं नाव सांगा!